जुन्या कवितेतले शब्द, वृत्तं आणि शास्त्री-पंडितांची भाषा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात आजोबांची पोथी निघते, मुलाला श्लोक पाठ करायचा असतो, बहिणीच्या लग्नात मंगलाष्टक म्हणायचं असतं, नाहीतर पंचवटीत एखाद्या जुन्या शिलालेखासमोर पाय थबकतात. नाशिकमध्ये हे प्रश्न अशा वेळीच पडतात. त्यामुळे उत्तरंही कामाला येतील अशीच ठेवली आहेत.

जुनी कविता वाचताना सर्वात जास्त चूक कुठे होते?

ओळखीच्या शब्दापाशी. अनोळखी शब्द आला की माणूस थांबतो आणि कोश उघडतो. ओळखीचा शब्द आला की पुढे जातो, आणि नेमका तिथेच फसतो. ‘सांडणे’ म्हणजे आज दूध सांडणं. जुन्या कवितेत तो टाकणं, सोडून देणं या अर्थाने येतो, म्हणून ‘अभिमान सांडावा’ म्हटलं की काही ओतायचं नसतं. ‘माज’ म्हणजे कंबर. माजपट्टा आणि माजघर या शब्दांत तो मधला भाग अजून शिल्लक आहे. सुंदरीचा ‘बारीक माज’ वाचून तिला उर्मट समजू नये. ‘कोड’ म्हणजे हौस, आवड. कोडकौतुकातलं कोड तेच. ‘आगळा’ म्हणजे जास्तीचा, वरचढ. ‘विचित्र’ म्हणजे नानापरींचा, आणि पुष्कळदा ते कौतुकच असतं. ‘अनुवाद’ म्हणजे बोलणं, पुन्हा सांगणं. त्याचा भाषांतराशी संबंध नाही. ‘जीवन’ आणि ‘पय’ हे दोन्ही शब्द पाण्यासाठी येतात, त्यातला पय दुधासाठीही येतो. ‘चाड’ म्हणजे इच्छा, पर्वा. आज तो ‘चाड नाही’ एवढ्यापुरता उरला आहे.

साधी कसोटी अशी की ओळीचा अर्थ लागतो पण जरा हास्यास्पद वाटतो, तर त्या ओळीतला सर्वात सोपा शब्द आधी कोशात पाहावा.

एका शब्दाचे चार-पाच अर्थ असतात. त्यातला कुठला घ्यायचा?

‘हरि’ म्हणजे विष्णू, सिंह, वानर आणि घोडासुद्धा. ‘द्विज’ म्हणजे दोनदा जन्मलेला. ब्राह्मण झाला तसा पक्षीही झाला, कारण तो आधी अंडं असतो आणि मग पिल्लू. दातही द्विजच, ते एकदा पडून पुन्हा येतात. ‘गो’ म्हणजे गाय, पृथ्वी, वाणी, किरण. ‘कर’ म्हणजे हात, किरण, सारा आणि हत्तीची सोंड. पंडित कवी असे शब्द मुद्दाम घेतात, श्लेष साधायला.

निर्णय क्रियापद करतं. हरि ‘गर्जला’ तर सिंह, ‘उडाला’ तर वानर, ‘जुंपला’ तर घोडा. दोन अर्थ सारखेच बसले तर दोन्ही घ्यावेत, कवीला तेच हवं असतं.

खास नाशिकची एक अडचण आहे. इथल्या बोलण्यात गोदावरीला सरळ ‘गंगा’ म्हणतात, ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणजे रामकुंडावर. त्यामुळे इथल्या आरत्या, पदं किंवा स्थलवर्णनं वाचताना ‘गंगा’ दिसली की लगेच काशीला पोचू नये. ‘गौतमी’, ‘गोदा’, ‘दक्षिणगंगा’ ही नावं आसपास आहेत का, त्र्यंबक किंवा ब्रह्मगिरीचा उल्लेख आहे का ते पाहावं. गावाच्या नावाचंही तसंच. कृतयुगात पद्मनगर, त्रेतायुगात त्रिकंटक, द्वापरात जनस्थान आणि कलियुगात नासिक असा परंपरेचा श्लोक आहे. म्हणून ‘जनस्थान’ शब्द आला तर तो लोकवस्ती या अर्थाने आहे की गावाचं नाव आहे, हे ठरवून मगच पुढे जावं.

ज्ञानेश्वरी अवघड की मोरोपंत?

दोघंही अवघड, पण उलट्या बाजूंनी. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इसवी सन १२९० ची. तिथे शब्द बरेचसे मराठीच आहेत, बदलले आहेत ते प्रत्यय. मोरोपंत (१७२९ ते १७९४) त्या मानाने आपल्या जवळचे, त्यांचं व्याकरण आपल्याला कळतं. पण संस्कृत समासांची रास इतकी की ओळीत मराठी म्हणून एक क्रियापद तेवढं सापडतं.

ज्ञानेश्वरीसाठी पाच-सहा किल्ल्या पुरतात. नामाच्या शेवटचा उकार काढून टाका, ‘मातु’ म्हणजे मात, गोष्ट. ‘चिया’ म्हणजे ‘च्या’. ‘मातें’ म्हणजे मला. ‘लागीं’ म्हणजे साठी. ‘येर’ म्हणजे दुसरा, बाकीचा. ‘नेणे’ म्हणजे जाणत नाही. ‘जंव… तंव’ ही जोडी म्हणजे जोवर… तोवर. ‘वोखटें’ वाईट, ‘निकें’ चांगलं. क्रियापदाच्या पोटात ‘इज’ दिसलं, जसं करिजे किंवा बोलिजे, तर ‘केलं जातं’ किंवा ‘करावं’ असा अर्थ लावावा. हा प्रत्यय मेला असं वाटतं, पण आपण दिवसातून पन्नास वेळा ‘म्हणजे’ आणि ‘पाहिजे’ म्हणतो, ते दोन्ही त्याचेच अवशेष आहेत.

मोरोपंतांसाठी मात्र समास उलटा, शेवटाकडून वाचायची सवय लावावी. ‘गिरिजाधवचाप’ घ्या. चाप म्हणजे धनुष्य. कोणाचं? धवाचं, म्हणजे पतीचं. कोणाच्या? गिरिजेच्या. झालं शिवधनुष्य.

जुन्या छपाईत जागोजागी अनुस्वार असतात. ते वाचायचे कसे?

उच्चारायचे नाहीत, पण समजून घ्यायचे. १९६२ साली शासनाने शुद्धलेखनाचे नवे नियम स्वीकारले आणि हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकात ते अर्थ सांगतात. ‘ते’ म्हणजे पुष्कळ पुरुष, ‘तें’ म्हणजे एक नपुंसक वस्तू, ‘ती’ म्हणजे एक स्त्री, ‘तीं’ म्हणजे पुष्कळ नपुंसक वस्तू. ‘घरीं’ म्हणजे घरात, घराकडे. आज ओळीच्या पुढच्या-मागच्या संदर्भावरून जे ताडावं लागतं ते त्या एका टिंबात असे. म्हणून जुनी कविता टाइप करताना ही टिंबं ‘चुकीची’ समजून काढू नयेत. एकदा काढली की परत कुठे होती ते सांगता येत नाही.

अन्वय लावणं म्हणजे नक्की काय करायचं?

पद्यातले शब्द गद्याच्या क्रमात मांडायचे. नमुना म्हणून या दोन ओळी इथेच रचल्या आहेत :

तटी गोदमातेचिया राम नांदे
तया पाहतां दुःख कोठूनि कोंदे

आधी क्रियापदं शोधा : नांदे, कोंदे. मग प्रत्येकाला ‘कोण’ विचारा. नांदतो राम, कोंदतं दुःख. मग कुठे, कधी, कशाने. ‘गोदमातेचिया तटी’ हा एक तुकडा उलटा पडला आहे, तो सरळ करा. ‘तया’ म्हणजे त्याला. आता गद्य : राम गोदमातेच्या तटी नांदतो, त्याला पाहिल्यावर दुःख कुठून दाटेल?

यात नांदणं म्हणजे राहणं, वस्ती करणं. आज सून नांदते आणि शांतता नांदते, पण भाडेकरू नांदत नाही; शब्द एवढा आखडला. कोंदणं म्हणजे दाटून भरणं. शेवटी एक बारकावा. ‘गोदा’ची ‘गोद’ का झाली? वृत्तासाठी. तिथे ऱ्हस्व अक्षर हवं होतं. ‘माषाचा मष करावा लागला तरी चालेल, पण छंद मोडू नये’ अशा अर्थाचं संस्कृत वचन आहे; माष म्हणजे उडीद. म्हणून ‘नदि’, ‘तटि’, ‘मुनी’चा ‘मुनि’ असं दिसलं की ती छपाईची चूक समजून दुरुस्त करू नये.

लघु-गुरू मोजताना नेहमी एक-दोन मात्रांचा घोळ होतो. का?

बहुधा जोडाक्षरामुळे. नियम असा : अ, इ, उ, ऋ यांची अक्षरं लघू, एक मात्रा. दीर्घ स्वर, तसंच ए, ऐ, ओ, औ यांची गुरू, दोन मात्रा. अनुस्वार उच्चारला जात असेल किंवा विसर्ग असेल तर अक्षर गुरू, म्हणून वरच्या ओळीत ‘दुः’ गुरू आहे. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं.

मराठीत मात्र हा शेवटचा नियम आघात पडला तरच लागतो. ‘पुण्य’, ‘विद्या’ म्हणून पाहा, पहिल्या अक्षरावर जोर येतो, ते गुरू. ‘तुझ्या’, ‘कळ्या’, ‘नव्हे’, ‘उन्हात’, ‘दुसऱ्या’ म्हणून पाहा. य किंवा ह जोडलेला असूनही आधीच्या अक्षराला धक्का बसत नाही, ते लघूच राहतं. संस्कृतच्या सवयीने ‘तुझ्या’च्या ‘तु’ला दोन मात्रा दिल्या की सगळा हिशेब कोसळतो.

दुसरी गफलत बोलण्याच्या सवयीची. आपण ‘राम’ला ‘राम्’ म्हणतो. पद्यात शेवटचा अ पुरता म्हणायचा आणि मोजायचा. चरणाच्या अगदी शेवटचं लघू अक्षर मात्र गरज पडली तर गुरू धरता येतं.

गण कसे लक्षात ठेवायचे?

गण म्हणजे तीन-तीन अक्षरांचा गट. त्यासाठी ‘यमाताराजभानसलगा’ हे एक सूत्र पुरे. ज्या गणाचं नाव हवं त्या अक्षरापासून तीन अक्षरं घ्या. य गण : य-मा-ता, म्हणजे लघु-गुरु-गुरु. र गण : रा-ज-भा, गुरु-लघु-गुरु. स गण : स-ल-गा, लघु-लघु-गुरु. आठही गण यातून निघतात. भुजंगप्रयात म्हणजे चार वेळा य, बारा अक्षरं. मनाचे श्लोक याच चालीत आहेत, वरच्या दोन ओळीही. नाव विसरलं तरी चाल विसरत नाही. मनाच्या श्लोकाच्या चालीवर एखादी ओळ म्हणून बघितली आणि बसली, तर ते भुजंगप्रयात.

लग्नासाठी स्वतः मंगलाष्टक रचायचं आहे. नावं का बसत नाहीत?

हा प्रश्न लग्नसराईत सगळ्यात जास्त येतो आणि त्याला नेमकं उत्तर आहे. मंगलाष्टक शार्दूलविक्रीडितात असतं. म, स, ज, स, त, त आणि शेवटी एक गुरू, अशी एकोणीस अक्षरं. बाराव्यावर यती म्हणजे थांबा. ‘गा’ म्हणजे गुरू आणि ‘ल’ म्हणजे लघू धरला तर क्रम असा :

गा गा गा ल ल गा ल गा ल ल ल गा । गा गा ल गा गा ल गा

यतीनंतरच्या सात जागा ‘कुर्यात् सदा मंगलम्’ने बरोबर भरतात, मोजून पाहा. म्हणजे शेवटच्या ओळीत तुमच्या हातात पहिली बाराच अक्षरं. उदाहरणार्थ :

गोदेच्या तटि आज मंगल घडी, कुर्यात् सदा मंगलम्

आता नावं. ‘सायली’ हे गुरु-लघु-गुरू. ते सहा ते आठ या जागी बसेल. पहिल्या तीन ओळींत यतीनंतर चौदा ते सोळा आणि सतरा ते एकोणीस याही जागा मोकळ्या आहेत. ‘सुयोग’ लघु-गुरु-लघू : पाच ते सात किंवा सात ते नऊ. ‘प्रणव’ तिन्ही लघू : अख्ख्या ओळीत सलग तीन लघू नऊ, दहा, अकरा या एकाच ठिकाणी आहेत, तिथेच तो जाईल. त्याच्या आधीचं आठवं अक्षर गुरूच आहे, त्यामुळे ‘प्र’च्या आघातानेही काही बिघडत नाही. तीन गुरूंचं नाव ओळीच्या सुरुवातीला ठेवावं. बारा ते चौदा या जागाही गुरूच आहेत, पण मध्ये यती येते आणि नवरीच्या नावाचे दोन तुकडे होतात. ते मांडवात ऐकायला बरं वाटत नाही.

म्हणून आधी ओळ रचून नाव कोंबायचं नाही. नावाची जागा आधी ठरवायची आणि ओळ तिच्याभोवती बांधायची. नाव कुठेच बसत नसेल तर लाडाचं नाव, आडनाव किंवा नुसतं ‘वधू-वर’ वापरावं. दोन्हीकडच्या काका-आत्यांची नावं एका अष्टकात घालायचा हट्ट मात्र सोडावा. त्यात वृत्त मरतंच, भटजीही दमतात.

ओवी, अभंग, आर्या, साकी, दिंडी. ओळखायचं कसं?

ओवीचे साडेतीन चरण. पहिल्या तिघांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. अक्षरसंख्या कवीगणिक बदलते, त्यामुळे मोजत बसू नये.

मोठा अभंग मात्र मोजावा : सहा, सहा, सहा, चार अक्षरं, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. ‘गोदेचिया काठी । उभा रामराया । शिणलेली काया । विसावली’. लहान अभंग आठ-आठ अक्षरांच्या दोन चरणांचा. इथे लघु-गुरू पाहायचे नाहीत, अक्षरं तेवढी पाहायची.

आर्येत उलट, अक्षरं नाहीत तर मात्रा : बारा, अठरा, बारा, पंधरा. शेवटच्या चरणातही अठरा असल्या तर ती गीती. मोरोपंतांची म्हणून जी ‘आर्या’ आपण म्हणतो ती बहुतेक ठिकाणी गीतीच असते. आर्येचा अर्धा भाग करून पाहायचा तर ‘गोदातीरी वसतो, जो पंचवटीत राम घननीळ’. पहिल्या तुकड्यात बारा मात्रा, दुसऱ्यात शेवटचा ‘ळ’ गुरू धरून अठरा. चार-चार मात्रांचे गण पाडले की सहावा ‘तराम’ हा ज गण येतो. सहाव्या जागी तो, नाहीतर चारही लघू हवेत; विषम जागी मात्र ज गण चालत नाही. नवशिक्याची आर्या मात्रा बरोबर असूनही अडखळते ती बहुधा विषम जागी पडलेल्या ज गणामुळे.

साकीत अठ्ठावीस मात्रा, सोळावर थांबा. दिंडीत एकोणीस, नवावर थांबा. ‘दिंडी’ शब्दाचे अर्थ तीन : हे वृत्त, मोठ्या दरवाजातलं छोटं दार, आणि वारकऱ्यांचा जथा. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकला जाते ती तिसरी.

पोथीच्या शेवटी ‘रस-नंद-बाण-इंदु’ असलं काहीतरी लिहिलं आहे. हा मंत्र आहे का?

नाही, हा शक आहे. आकड्यांऐवजी त्या संख्येच्या प्रसिद्ध वस्तू लिहायची ही पद्धत. एकासाठी चंद्र, इंदु, भू. दोनासाठी नेत्र, भुज, पक्ष. तीन : गुण, अग्नी, राम. चार : वेद, युग. पाच : बाण, शर, भूत. सहा : रस, ऋतू, शास्त्र. सात : ऋषी, अश्व, स्वर. आठ : वसू, गज, नाग. नऊ : ग्रह, नंद, अंक. शून्यासाठी ख, नभ, अंबर.

वाचायचं उजवीकडून डावीकडे. रस सहा, नंद नऊ, बाण पाच, इंदु एक; उलटे मांडले की १५९६. शकात ७८ मिळवले की इसवी सन १६७४. पौष-माघ-फाल्गुनातली तिथी जानेवारीनंतर पडत असेल तर ७९ मिळवावे.

‘सागर’ शब्दाने गोंधळ होतो, कारण तो बहुधा चार असतो आणि कधी सात. अशा वेळी संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचं, नाव ताळा करून देतं. शकात १२ मिळवून ६० ने भागा, बाकी म्हणजे प्रभवापासून संवत्सराचा क्रमांक. बाकी शून्य आली तर साठावं, क्षय. १५९६ अधिक १२ म्हणजे १६०८, बाकी ४८, अठ्ठेचाळिसावं संवत्सर आनंद. शिवराज्याभिषेकाचं संवत्सर आनंदच होतं, म्हणजे हिशेब जुळला. पोथीतलं संवत्सर जुळत नसेल तर एकतर अंक उलटा वाचला आहे, नाहीतर नकलाकाराने मूळ ग्रंथाचा शक आणि आपल्या नकलेचा शक यांची सरमिसळ केली आहे. हा दुसरा प्रकार बराच आढळतो.

घरातली जुनी पोथी वाचायला घ्यायची आहे. सुरुवात कुठून?

आधी लिपी. धार्मिक पोथी बहुधा बाळबोध, म्हणजे देवनागरी असते. हिशेब, पत्रं, तीर्थोपाध्यांच्या जुन्या वह्या बहुधा मोडीत. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यांकडे यजमान घराण्यांच्या पिढ्यांच्या नोंदी असतात, त्या मोडी शिकल्याशिवाय लागत नाहीत.

बाळबोध पोथीत शब्द तोडलेले नसतात, ओळ सलग असते. ‘देवनकोपला’ हे ‘देव न कोपला’ की ‘देव नको पला’? ‘दीनबंधुतारी’ हे ‘दीनबंधु तारी’ की ‘दीन बंधुता री’? इथे वृत्त आणि यमक मदत करतात, म्हणून आधी चाल ओळखा, मग शब्द तोडा. ख आणि रव, घ आणि ध, म आणि भ, प आणि य यांची अदलाबदल धरूनच चाला.

पिवळा पट्टा दिसला तर तो डाग नाही. तो हरताळ, चुकलेलं अक्षर झाकायला फासलेला. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार इथलाच. ओळीच्या मध्ये कावळ्याच्या पायासारखी खूण म्हणजे काकपद, राहिलेला शब्द समासात, म्हणजे पानाच्या कोऱ्या कडेला, लिहिलेला असतो. शेवटी ‘ग्रंथसंख्या’ म्हणून मोठा आकडा असतो, ती श्लोकांची गणती नाही. बत्तीस अक्षरांचा एक ‘ग्रंथ’ धरून केलेलं ते मोजमाप आहे. नकलाकाराची मजुरी त्यावर ठरे.

पानांचे आकडे बहुधा पानाच्या पाठच्या बाजूच्या समासात असतात. बासन सोडायच्या आधी ते तपासून क्रम लिहून ठेवा. चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. फोटो खिडकीच्या उजेडात काढावेत, फ्लॅश नको. पावसाळ्यात उघडू नका. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की सोडावी, कसर लागली आहे का पाहावं आणि सुती कापडात पुन्हा बांधावी.

घनपाठी, दशग्रंथी, याज्ञिक, शास्त्री, पुराणिक, हरदास. यांत फरक काय?

प्रत्येकाचं काम वेगळं, आणि पूर्वी कोणी चुकून एकाला दुसरं म्हटलं तर राग यायचा.

वैदिक म्हणजे वेद मुखोद्गत असणारा. त्यातही पायऱ्या आहेत : संहिता, पद, क्रम, जटा, घन. शब्दांना आकडे दिले तर क्रमात १-२, २-३. जटेत १-२, २-१, १-२. घनात १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३, आणि मग एक शब्द पुढे सरकून तेच. असं उलटसुलट म्हणताना संधी बदलतात, म्हणून नुसत्या घोकंपट्टीने भागत नाही. एखादा शब्द किंवा स्वर गळाला तर इतक्या फेऱ्यांत तो सापडतोच; छपाई नसताना पाठ शुद्ध ठेवायची ही युक्ती होती. इथवर पोचलेला तो घनपाठी. संहिता, ब्राह्मण, आरण्यक, शिक्षा, कल्प, व्याकरण, निघंटु, निरुक्त, छंद आणि ज्योतिष हे दहाही म्हणू शकणारा दशग्रंथी.

याज्ञिक प्रत्यक्ष कर्म चालवतो. शास्त्री अर्थ सांगतो. शास्त्र्यांत पुन्हा वैयाकरण शब्दाचा, नैयायिक तर्काचा, मीमांसक वैदिक वाक्यांचा, आलंकारिक काव्याचा. पुराणिक बसून पोथी सांगतो, हरदास उभा राहून कीर्तन करतो. नावापुढचं ‘काव्यतीर्थ’, ‘न्यायतीर्थ’ ही कलकत्त्याच्या संस्कृत परीक्षेची पदवी असते, नुसतं विशेषण नसतं. ‘भट’ हा मुळात मानाचा शब्द, आज तो कोणाला तोंडावर म्हणू नये. ‘भटजी’ किंवा ‘गुरुजी’ म्हणावं.

हे शब्द आता कोण वापरतं?

तुम्हीच. ‘हरदासाची कथा मूळ पदावर’ ही म्हण कीर्तनातली : पूर्वरंगात बुवा कितीही फिरले तरी निरूपणाचं मूळ पद पुन्हा गाठतात. ‘पालुपद’ म्हणजे ध्रुपद, तेच तेच परतणारं. ‘इतिश्री’ अध्यायाच्या शेवटच्या ‘इति श्री…’मधली. ‘ओनामा’ हा मुलाला अक्षरं गिरवायला देताना म्हणत त्या ‘ॐ नमः सिद्धम्’चा. घट आणि पट ही नैयायिकांची ठरलेली उदाहरणं, त्यावरून निरर्थक वादाला ‘घटपटाची खटपट’ म्हणू लागले. ‘पुराणातली वांगी पुराणात’ ही सगळ्यांना ठाऊक असतेच.

शाहिरी शब्दांचं काय?

तो स्वतंत्र प्रांत आहे, इथे गरजेपुरतं. पोवाडा पराक्रमाचा, लावणी बहुधा शृंगाराची, भेदिक लावणी कोड्याची. शाहिरांचे दोन पक्ष : कलगीवाले शक्तीची बाजू घेतात, तुरेवाले शिवाची, आणि सवाल-जवाब रंगतात. ‘झील’ म्हणजे मागून सूर धरणं, ओढणारे ते झीलकरी. ‘कटाव’ एका दमात म्हणायची यमकांची लांबलचक माळ.

अभंगाच्या शेवटी संताचं नाव आहे, म्हणजे तो त्यांचाच, बरोबर?

नाव ही नाममुद्रा आहे, सही नव्हे. मागाहून कोणीही ‘म्हणे’ जोडू शकतो. अशा रचनांना क्षेपक म्हणतात. ‘नामा’ म्हणजे संत नामदेव आणि ‘विष्णुदास नामा’ हे वेगळे कवी, पण गाथेच्या जुन्या संग्रहांत त्यांची सरमिसळ झाली आहे. भाषा तपासावी. तेराव्या शतकातल्या म्हणवणाऱ्या अभंगात फारसी वळणाचे दरबारी शब्द भरपूर दिसले तर शंका घ्यावी.

कोणता कोश घ्यावा?

दोन जवळ हवेत. मोल्सवर्थचा कोश पहिल्यांदा १८३१ साली निघाला, सुधारून वाढवलेली आवृत्ती १८५७ ची, तीच घ्यावी. अर्थ इंग्रजीत आहेत, पण पेशवाई संपल्यावर लगेचची बोली त्यात पकडलेली आहे, आणि शब्द काव्यातला असेल तर तशी खूण असते. तो इंटरनेटवर फुकट शोधता येतो. दुसरा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, सात खंडांचा. त्यात अर्थाबरोबर कवितेतलं उदाहरण मिळतं, आणि अडलेली ओळ नेमकी तीच निघाली की अर्धा दिवस वाचतो. नाशिकमध्ये १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, जुन्या कोशांची विचारणा आधी तिथे करावी.

शोधताना जुनं लेखन वापरा. ‘करणे’ नाही, ‘करणें’. ‘नाव’ सापडलं नाही तर ‘नांव’ पाहा. शब्दाची सुरुवात ‘वो’ने होत असेल तर ‘ओ’खालीही पाहा, वोखटें तिथे ‘ओखटें’ होऊन बसलेलं असतं.